रापणकराचा सात-बारा

शेतकऱ्याची ओळख सात-बाऱ्याच्या उताऱ्यावरून पटते. पीककर्ज असो, विमा असो की नुकसानभरपाई असो, प्रथम उतारा पाहिला जातो. परंतु ज्याचे शेत म्हणजे किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आणि ज्याचा बांध म्हणजे ओली वाळू, त्याने कोणता उतारा दाखवावा? हा प्रश्न आज विचारण्यास कारण घडले आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय सर्वथा स्वागतार्ह आहे. मात्र त्याची फळे पुळणीवर उभे राहून दोर ओढणाऱ्या रापणकराच्या हाती पडावयाची असतील, तर आणखी एक पाऊल टाकणे अगत्याचे आहे.

पुण्यातील व देशावरील वाचकांस रापणीची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी आपल्या बाजूस उतरले की मुळा-मुठेतून भीमेस व पुढे कृष्णेस मिळते. पलीकडे उतरले की थोडीच वाट चालून कोकणातील खाड्यांच्या मुखाने समुद्रास मिळते. या मुखापाशी गोडे व खारे पाणी एकत्र होते. नदीबरोबर आलेल्या द्रव्यांवर सूक्ष्म जीव पोसतात आणि त्यांच्यामागे मासळी येते. मालवण तालुक्यातील देवबाग गावी एका अंगास कर्ली नदी व दुसऱ्या अंगास अरबी समुद्र असून मध्ये रेतीची अरुंद पट्टी आहे. अशा खाडीमुखाजवळच्या पुळणी ही रापणीची उत्तम जागा होय.

नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण झाला की रापणीचे दिवस येतात. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरील माणसे धरून ठेवतात. होडी पाण्यात अर्धवर्तुळाकार फिरत शेकडो मीटर लांबीचे जाळे सोडीत जाते व दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्यास आणून देते. मग दोन्ही बाजूंनी तीस-चाळीस माणसे दोर ओढू लागतात. लाटांच्या माऱ्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जाळे हळूहळू ओढले जाते आणि शेवटी मधली खोळ वाळूवर येते. तीत कधी बांगडा व तारली, कधी वाळूतील किडे-कोळंबी टिपणारी मुडदुशी, कधी खाडीत ये-जा करणारी बोय सापडते. कधी पाने व शेवाळ यांखेरीज काहीच सापडत नाही. मिळेल ते वाट्यांनी वाटले जाते. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. सहकाराचा कायदा होण्यापूर्वीपासून चालत आलेला हा सहकार आहे.

रापणीची मर्यादाही याच रीतीत आहे. मासा किनाऱ्याकडे आला तरच रापणकरास तो मिळतो. त्याचा पाठलाग करीत खोल समुद्रात जाणे त्याला शक्य नाही. तारली-बांगड्यांचे थवे बाहेरच मोठ्या जाळ्यांनी वेढले गेले, तर किनाऱ्यावरचा दोर रिकामाच येणार. गोव्यातील रापणकरांनी १९७० नंतरच्या दशकात याच कारणास्तव यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन केले. पुढे १९८० मध्ये गोव्याचा व १९८१ मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. आपल्या राज्याने २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली आणि २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातील दंड वाढविण्यात आले. नियम पुरेसे आहेत. त्यांच्या अंमलबजावणीत ढिलाई झाली की तिची किंमत प्रथम पुळणीवरचा माणूस मोजतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मच्छिमारांस मिळणाऱ्या सवलतींपैकी पुष्कळ सवलती नौकेशी बांधलेल्या आहेत. डिझेलवरील कराचा परतावा यांत्रिक नौकेस मिळतो. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मच्छिमारांस खुली झाली, परंतु समुद्रातील मासेमारीसाठी स्वतःची अथवा भाड्याची नोंदलेली नौका व परवाना यांची अट आहे. रापणीत होडी एक आणि हात चाळीस! होडीच्या मालकाची नोंद होते. उरलेल्यांची नोंद कोठे? शेतीतही पूर्वी हाच प्रश्न होता. जमीन एकाच्या नावे आणि नांगर दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती होती. १९४८ च्या कुळकायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याचे नाव कागदावर आणले. रापणकरासही त्याच न्यायाने ओळख मिळाली पाहिजे.

त्यासाठी नवा कायदा हवा असे नाही. क्रेडिट कार्डाच्या नियमांत राज्याने ठरविलेल्या इतर मत्स्यव्यवसायांसही जागा ठेवलेली आहे. शासनाने रापणसंघ हाच घटक मानून त्याची नोंद करावी. संघाच्या वाटेकऱ्यांची यादी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याने दरवर्षी हंगामाच्या आरंभी तपासावी आणि तीच कर्ज, विमा व नुकसानभरपाई यांसाठी ग्राह्य धरावी. ही यादी म्हणजेच रापणकराचा सात-बारा होय.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. रापणीच्या खोळीचे आस बारीक असतात. कोळंबी व बोय समुद्रात अंडी घालतात, त्यांची पिले वाढीसाठी खाडीत शिरतात आणि मोठी होऊन परत फिरतात. त्यांच्या वाटेवरच जाळे लागत असल्याने अजाण पिले त्यात सापडतात. पेरणीचे बी दळून खाणाऱ्या शेतकऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. तेव्हा संघांनी खोळीचे आस वाढवावे आणि जिवंत पिले लाटेत परत सोडावी. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे; पापलेटाची ती १३५ मिलिमीटर आहे. पुण्याच्या गणेश पेठेतील बाजारात मासळी घेणाऱ्या गृहिणीने बोटभर पापलेट नाकारले, तर त्याचा परिणाम थेट किनाऱ्यापर्यंत पोहोचेल.

दोर ओढणाऱ्या हातांस शासनाच्या दप्तरी नाव मिळावे आणि त्या हातांनी उद्याची मासळी आज राखावी, एवढेच मागणे आहे. शेतीचा दर्जा कागदावरून पुळणीवर उतरावयाचा तो याच वाटेने उतरेल.