निबंध मंजूर झाला, पण राहायचे कुठे?



मागे एका रविवारी वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला थांबवले. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या या ताई. त्यांचे पती हिंगण्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. थोरली मुलगी नागपुरातच संशोधन करते. ताई म्हणाल्या, "भाऊ, पोरीचा निबंध विशाखापट्टणमच्या परिषदेत मंजूर झाला. पण पोरगी जात नाही म्हणते. कारण विचारलं तर सांगत नाही. तुम्हीच विचारा."

आम्ही घरी गेलो. मुलीने पुस्तकात घडी घालून ठेवलेले पत्र काढून दाखवले. पंधरा दिवसांपासून ते तसेच पडून होते. निबंधाचा विषय होता भंडारा-गोंदियाकडच्या विडी कामगार स्त्रिया. तिची आजी जन्मभर विड्या वळत होती आणि हजारावर मजुरी घेत होती. त्या आजीच्या बोटांचा हिशेब नात विद्वानांसमोर मांडणार होती! मग अडले कुठे? मुलगी खाली मान घालून म्हणाली, "तिथं आपलं कोणी नाही. राहायचं कुठं, खर्च किती, काहीच माहीत नाही. बाबाला सांगितलं तर बाबा कर्ज काढेल."

बंधूंनो, ही एका घराची गोष्ट नाही. आमच्या मुलामुलींनी रात्र रात्र जागून निबंध लिहावा, तो मंजूर व्हावा आणि केवळ तीन रात्रींच्या जागेपायी तो पुस्तकात दबून राहावा, हे आपण किती दिवस चालू देणार? ज्यांच्या घरी दोन पिढ्या प्राध्यापक आहेत, त्यांच्या मुलांना हे प्रश्न पडत नाहीत. त्यांचे काका-मामा सगळे सांगतात. आमच्या मुलांचे काका-मामा म्हणजे हा समाज. तेव्हा आज आम्ही याच विषयावर चार गोष्टी लिहीत आहोत.

प्रवास आणि मुक्काम यांची चिंता आमच्या समाजाला नवी नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आठवणींत 1901 सालचा प्रवास लिहून ठेवला आहे. बाबासाहेब तेव्हा लहान होते. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला होते. त्यांना भेटायला मुले साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते. मुले येत असल्याचे पत्र नोकराच्या हाती पडले होते, पण त्याने ते वडिलांना दिलेच नव्हते. जात कळताच गाडीवाले मुलांना न्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी स्वतः गाडी हाकली. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, 9 मे 1916 रोजी, हेच बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात उभे राहिले आणि त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. पण पुढच्याच वर्षी, 1917 साली, बडोद्याला नोकरीवर रुजू होताना त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी खानावळीत उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. जगातल्या मोठ्या विद्यापीठात निबंध वाचलेल्या माणसाला बडोद्यात पाठ टेकायला खोली नव्हती!

म्हणून आम्ही म्हणतो, राहण्याची सोय ही क्षुल्लक बाब नव्हे. आमच्या धम्मानेही ती कधी क्षुल्लक मानली नाही. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती भरवायचे ठरले, तेव्हा थेरांनी आधी जागेचा विचार केला. विनयपिटकातील चुल्लवग्गात ही हकीकत आहे. राजगृहात भिक्षा भरपूर मिळते आणि निवासाच्या जागा पुष्कळ आहेत, म्हणून राजगृह निवडले गेले. पाचशे भिक्खू जमणार होते. वर्षावासाचा पहिला महिना मोडक्या निवासांची डागडुजी करण्यात घालवावा, असे त्यांनी ठरवले. आधी निवारा, मग धम्मचर्चा. आपणही हाच क्रम धरू या.

पहिली गोष्ट, परिषद खरी आहे का ते पाहा. अलीकडे पैसे भरील त्याचा निबंध न वाचताच मंजूर करणाऱ्या परिषदाही निघाल्या आहेत. कोणते विद्यापीठ, कोणता विभाग भरवीत आहे, आपले मार्गदर्शक त्यांना ओळखतात का, हे विचारल्याशिवाय नोंदणीचा एक रुपयाही भरू नये.

दुसरी गोष्ट, मंजुरीचे पत्र आले की त्याच आठवड्यात आयोजकांना लिहावे. तीन प्रश्न सरळ विचारावेत. विद्यार्थ्यांना नोंदणी शुल्कात सूट आहे का? विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा अतिथीगृहात जागा मिळेल का? प्रवासखर्च मिळतो का, आणि मिळत असेल तर कोणत्या वर्गाचा? असे विचारण्यात कमीपणा कसला? श्रीमंतांची मुलेही विचारतात, आणि आधी विचारतात, म्हणून जागा त्यांना मिळते. वसतिगृहातल्या खाटा मोजक्या असतात.

तिसरी गोष्ट रेल्वेची. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते. पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. त्यामुळे तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी सकाळीच तिकीट काढावे. ऑनलाइन काढलेले प्रतीक्षा यादीतले तिकीट चार्ट लागेपर्यंत निश्चित झाले नाही तर आपोआप रद्द होते. ऐन वेळी तोंडाला फेस येतो. नागपूर-गोंदियाच्या लोकांना विशाखापट्टणमला जायला समता एक्सप्रेस आहे. ती रायपूर, रायगडा, विजयनगरमवरून जाते. कोणत्या वारी धावते ते मात्र पाहून घ्यावे. मुंबई, पुणे, सोलापूरकडच्यांना कोणार्क एक्सप्रेस सिकंदराबाद, विजयवाड्यावरून नेते. मुंबईहून एका दिवसापेक्षा जास्त वेळ गाडीत जातो, म्हणून परिषदेच्या आदल्या दिवशी पोचेल अशीच गाडी धरावी. उशीर झालेल्या गाडीतून उतरून धावत निबंध वाचायला जाऊ नये.

चौथी गोष्ट रात्रींचा हिशेब. परिषद गुरुवार ते शनिवार असेल आणि बुधवारी संध्याकाळी पोचून शनिवारी रात्रीची परतीची गाडी धरली, तर मुक्कामाच्या रात्री तीनच होतात. रविवारी सकाळी निघायचे म्हटले की चार. एक रात्र वाचली तर तेवढ्यात दोन दिवसांचे जेवण होते.

विद्यापीठात जागा मिळाली नाही तर काय करावे? आणखी तीन मार्ग आहेत. परिषदेला येणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थिनीबरोबर एक खोली वाटून घ्यावी. आयोजकांना विचारले तर ते गाठ घालून देतात. दुसरा मार्ग आपल्या माणसांचा. विशाखापट्टणमला बंदर आहे, पोलाद कारखाना आहे, जहाजबांधणी आहे, नौदलाचे पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. अशा शहरात आपल्याकडचे नोकरदार असतातच. रेल्वे, बँका, विमा यांत मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत. आपल्या वस्तीतल्या रेल्वे कर्मचाऱ्याने एक फोन केला तर तिकडचा कोणी स्टेशनवर येऊ शकतो. तिसरा मार्ग रेल्वेच्या रिटायरिंग रूमचा. निश्चित किंवा आरएसी तिकीट असेल तर तिथे एक-दोन दिवसांपुरती जागा मागता येते.

लॉजमध्ये उतरायचे झाले तर समुद्र दिसणाऱ्या खोलीचा मोह धरू नये. किनाऱ्याच्या रस्त्यावर भाडे जास्त असते. परिषदेच्या जागेजवळ किंवा बस मिळेल अशा ठिकाणी उतरावे. आधी फोन करून एकट्या मुलीला खोली देता का, खोली दुपारी बाराला सोडावी लागते की चोवीस तासांचा हिशेब आहे, हे विचारावे. अस्सल ओळखपत्र जवळ ठेवावे.

आणि नाव खरेच सांगावे. आडनाव ऐकून कोणी कुजबुज केली, खोली नाही म्हटले, तर घाबरू नये. संविधानाच्या पंधराव्या कलमाने जातीवरून हॉटेलात प्रवेश नाकारण्याला मनाई केली आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात हॉटेलांबरोबर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांचाही उल्लेख आहे. बडोद्यात जे बाबासाहेबांना मिळाले नाही, ते त्यांनी आपल्या मुलांसाठी कायद्यात लिहून ठेवले. ही कलमे मुलांना पाठ असू द्या.

आता पैशाचे. एका कागदावर सात रकाने पाडावेत : नोंदणी, गाडीभाडे, मुक्काम, जेवण, रिक्षा-बस, छपाई आणि अडीअडचण. बेरीज झाली की भीती निम्मी कमी होते. आकडा दिसला की वाट काढता येते. संशोधनाची शिष्यवृत्ती असेल तर तिच्यातल्या आकस्मिक खर्चाच्या रकमेतून प्रवासखर्च घेता येतो का, हे मार्गदर्शकांना आणि विभागाच्या कार्यालयात विचारावे. खर्च नंतर मिळणार असेल तर आगाऊ रक्कम मागावी. कामगाराच्या घरात दोन-तीन महिने वाट पाहायला पैसा पडून नसतो. तिकीट, लॉजचे बिल, नोंदणीची पावती आणि हजेरीचे प्रमाणपत्र एका पाकिटात जपावे. बिलावर आपले नाव आहे ना, ते तिथेच पाहावे. एका पावतीपायी सगळे पैसे अडकतात.

अडीअडचणीचा रकाना कोणी खोडू नये. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वादळाचे महिने. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद चक्रीवादळ याच विशाखापट्टणमवर येऊन आदळले होते. गाडी रद्द झाली तर एक रात्र जास्त काढता येईल एवढे पैसे वेगळे ठेवावेत.

आई-वडिलांना एक सांगणे आहे. मुलीला एकटीला कसे पाठवायचे, असे म्हणू नका. गाडीचा क्रमांक, डबा, उतरण्याचा पत्ता आणि आयोजकांचा फोन क्रमांक घरात लिहून ठेवा. उतरल्यावर फोन करायला सांगा. मसूरला मुलांचे हाल झाले ते निरोप पोचला नाही म्हणून. तुम्ही निरोप पक्का करा आणि मुलीला जाऊ द्या.

विहार समित्यांनाही विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून डेकोरेशन होते, मिरवणूक होते. ते व्हावे. पण त्याच वर्गणीतून वर्षाला दोन मुलांचे गाडीभाडे निघाले तर ती जयंती बाबासाहेबांना अधिक पोचेल.

विशाखापट्टणमला जाणाऱ्यांनी परिषद संपल्यावर अर्धा दिवस काढून भीमिलीच्या रस्त्यावरील थोटलाकोंडा जरूर पाहावे. समुद्राकाठच्या त्या टेकडीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा विहार आहे. 1988 ते 1993 या काळात तिथे उत्खनन झाले. भिक्खूंच्या खोल्या, स्वयंपाकाची आणि भोजनाची जागा, खडकात कोरलेली पाण्याची टाकी असे सगळे उजेडात आले. आपल्या पैठणच्या सातवाहनांची नाणी तिथे सापडली आणि रोमची नाणीही सापडली. दूरदूरच्या वाटसरूला त्या टेकडीवर पाणी होते, भोजन होते आणि पाठ टेकायला खोली होती. मसूरच्या वाटेवर तहानलेल्या मुलांच्या वारसांनी ती पाण्याची टाकी एकदा डोळ्यांनी पाहावीत.

त्या ताईंच्या मुलीचे काय झाले? तिने आयोजकांना पत्र लिहिले. वसतिगृहात जागा मिळाली. रेल्वेत असलेल्या आमच्या एका बांधवाने तिकीट काढायला मदत केली. राहिलेल्या खर्चाचा कागद तिने स्वतः वडिलांसमोर ठेवला. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "एवढंच ना? मग पंधरा दिवस लपवलं कशाला?"

वाचकहो, तुमच्याही घरात एखादे पत्र पुस्तकात दडलेले असेल. आज रात्री जेवताना मुलांना विचारा. जयभीम!