वानप्रस्थ आणि जलप्रवास

सेवानिवृत्तीनंतर गृहस्थानें काय करावें, ह्या प्रश्नास आपल्या पूर्वजांनीं वानप्रस्थाश्रम हें उत्तर देऊन ठेविलें आहे. परंतु वनांत जाणारा गृहस्थ संसाराचा भार मुलावर सोंपवून जात असे. पंधरवड्यानें परत येऊन दोन महिन्यांनीं पुन्हां निघत नसे. आजचें निवृत्त जोडपें आगबोटीनें जातें आणि परत येतें, व ह्या येण्याजाण्यांतच घरांतील नवा पेंच उत्पन्न होतो.

केवळ सहलीसाठीं समुद्रपर्यटन ही कल्पना नवी नव्हे. १९२२ सालींच कुनार्ड कंपनीची ‘लॅकोनिया’ बोट न्यूयॉर्कहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली होती. मुंबईहूनहि २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची बोट गोव्याकडे जाऊं लागली. वृद्धांस हा प्रवास सोईचा वाटतो, ह्यांत नवल नाहीं. सामान एकदांच उघडावें, खोली तीच राहते आणि गांवें बदलतात.

आमच्या परिचयाचें पुण्यांतील एक जोडपें वर्षांतून तीन वेळां असें जात असे. घरांत सत्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, मुलगा, नोकरी करणारी सून व दोन नातवंडें. सून तोंडानें कधीं कांहीं बोलली नाहीं. मात्र आजेसासूबाईंचें औषधपाणी आणि रजांची ओढाताण तिच्याच वांट्यास येई. अखेर मातोश्रीच म्हणाल्या, “तुम्ही दोघें खुशाल जा. परंतु माझी व्यवस्था नातसुनेस गृहीत धरून करूं नका. तिला विचारून करा.”

ह्या एका वाक्यानें घराची घडी बदलली. आतां वर्षारंभीं दिनदर्शिका सर्वांसमोर उघडली जाते. श्राद्धतिथि, मुलांच्या परीक्षा, सुनेच्या कचेरींतील कामाचे दिवस हें प्रथम, सफर त्यानंतर. तिकिट रद्द केल्यास प्रस्थानाचा दिवस जवळ येईल तसतशी अधिक रक्कम बुडते, म्हणून ती मुदतहि तेथेंच टिपलेली असते. मातोश्रींसाठीं शुश्रूषा करणारी बाई ठेवितात, तिचा पगार प्रवासखर्चांतच धरतात. तीन सफरींच्या दोन झाल्या. आणि मे महिन्यांत आठ दिवस घर सांभाळून हीं दोघें मुलासुनेस फिरावयास पाठवितात.

समुद्रावर असतां घरचें वृत्त कळलें तरी लागलीच परततां येत नाहीं. पुढील बंदर येईतों थांबावेंच लागतें. म्हणून घरीं आजारपण असेल तेव्हां न जाणें हेंच शहाणपण. विमा उतरवितांना जुनीं दुखणीं लपवूं नयेत, नाहींतर ऐन वेळीं तो भार मुलांवर पडतो.

आयुष्यभर इतरांसाठीं झिजलेल्यांनीं उतारवयांत जग पाहूं नये, असें कोण म्हणेल? मात्र ज्या घराच्या आधारावर आपण निर्धास्त निघतों, त्या आधारासहि केव्हांतरी विसांवा हवा असतो. तो ज्यांनीं दिला, त्यांस निरोप देतांना घर मनापासून हंसतें.