युरियाच्या पोत्यात कोंडलेली हवा



युरियातले नत्र हवेतून काढतात, हे आपण ऐकलेले असते. मग सहज प्रश्न पडतो की, हवा तर फुकट, मग खताला एवढे मोठाले कारखाने कशाला? याचे उत्तर ‘दाब’ या एका शब्दात आहे. ते समजले तर आपल्या रानातला युरिया वाचेल, म्हणून आज त्याविषयी.

कारखान्यात नत्रवायूचा एक भाग आणि हायड्रोजनचे तीन भाग एकत्र येऊन अमोनिया वायू होतो. चार भागांचे दोनच भाग होतात, म्हणजे जागा निम्मी लागते. पण ही क्रिया एकमार्गी नाही. एकीकडे अमोनिया तयार होतो, दुसरीकडे तो फुटून पुन्हा मूळचे वायू होतात. दोन्हींचा वेग सारखा झाला की समतोल येतो आणि अमोनियाचे प्रमाण वाढायचे थांबते.

आता जत्रेच्या दिवसांतली एस.टी. आठवा. गर्दी वाढली की कंडक्टर म्हणतो, ‘मुलाला मांडीवर घ्या!’ दोघांची जागा एकावर येते. गाडी रिकामी झाली की मूल मांडीवरून उतरून खिडकीपाशी जाते. वायूंचेही असेच आहे. दाब वाढवला की कमी जागा लागेल त्या बाजूला समतोल झुकतो, दाब काढला की उलट. फ्रान्सच्या ल शातेलिए या शास्त्रज्ञाने समतोलाचा हा नियम १८८४ साली मांडला. घरात अकरावीचे मूल असेल तर त्याच्या पुस्तकात तो सापडेल.

दोन्ही बाजूंना जागा सारखीच लागत असेल, तर मात्र दाबाने समतोल हलत नाही. वीज कडाडते तेव्हा हवेतला नत्रवायू आणि प्राणवायू एकास एक जुळतात आणि दोनाचे दोनच भाग राहतात. तिथे काम होते ते विजेच्या प्रचंड उष्णतेने.

जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली दाबाखाली अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी तो दाब सोसणारी यंत्रे उभी केली आणि १९१३ साली ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. उष्णता कमी ठेवली तर अमोनिया जास्त मिळतो, पण फार सावकाश. म्हणून ४०० ते ५०० अंश उष्णता, लोखंडाचा उत्प्रेरक आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब, असा मेळ घातला जातो. पुढे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांचा पुन्हा मोठ्या दाबाखाली युरिया होतो. आपल्या राज्यात ट्रॉम्बे आणि अलिबागजवळचे थळ इथे हे काम चालते.

एवढा खटाटोप करून ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र येते. आणि आपण काय करतो? ओलसर जमिनीवर युरिया फोकतो आणि तसाच उघडा टाकून घरी येतो!

ओल मिळाली की जमिनीत युरिया फुटून पुन्हा अमोनिया होतो. मातीच्या आत तो मातीच्या कणांना धरून राहतो. वर उघड्यावर मात्र वारा त्याला सतत उडवून नेतो. गाडीतून माणसे उतरतच आहेत आणि चढणारा कोणी नाही, अशी गत होते. समतोल येतच नाही, नत्र जातच राहते. चुनखडीच्या जमिनीत आणि कडक उन्हात हे नुकसान अधिक होते.

म्हणून एवढे कराच :

१. युरिया ओळीजवळ, दोन-तीन बोटे खोल द्या आणि लगेच मातीआड करा. कोळप्यामागे दिला तर दोन्ही कामे होतात.

२. मातीआड करणे जमत नसेल, तर त्याच दिवशी बेताचे पाणी द्या, म्हणजे तो खाली मुरेल.

३. युरियात चुना किंवा राख कधीही मिसळू नका. त्याने अमोनिया अधिक सुटतो.

४. सगळा युरिया एकदम न देता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्याने द्या.

निमलेपित युरिया असला तरी मातीआड करणे चुकत नाही. फोकल्यावर रानात झोंबरा वास आला, तर आपले पैसे वाऱ्यावर चालले आहेत असे समजा आणि कोळपे जुंपा.