ग्रंथ मोबाइलमध्ये आहे, पण शब्द सापडत नाही

वर्षावासात कुडव्याच्या विहारात ग्रंथवाचन सुरू असताना एका तरुणाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सुविचार वाचून दाखवला. खाली बाबासाहेबांचे नाव होते. “हे वाक्य कोणत्या खंडात आहे?” एका ताईंनी विचारले आणि आम्ही सगळे गप्प झालो. खंडांच्या पीडीएफ आमच्या मोबाइलमध्ये होत्या. पण ती पानांची नुसती छायाचित्रे. त्यात शब्द टाकून शोध घेता येत नाही. हजारो पाने चाळणार कोण?

ज्यू समाजाने हा प्रश्न फार आधी हाती घेतला. धर्मग्रंथ, त्यांवरची भाष्ये आणि लोकांच्या प्रश्नांना धर्मपंडितांनी शतकानुशतके दिलेली लेखी उत्तरे, असा त्यांचा अफाट हिब्रू ठेवा आहे. १९६३ मध्ये इस्रायलमध्ये ही उत्तरे संगणकावर शोधण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे बार-इलान विद्यापीठाने तो वाढवला. हिब्रूत ‘आणि’, ‘मध्ये’ अशा अर्थाची अक्षरे शब्दाला पुढून चिकटतात, म्हणून शब्दाची सगळी रूपे संगणकाला ओळखायला लावावी लागली. मराठीतही ‘कायदा’ शोधताना ‘कायद्याने’, ‘कायद्यात’ सापडले पाहिजे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेफारिया’ या ना-नफा संस्थेने तर हे ग्रंथ सर्वांसाठी मोफत खुले केले. एका वचनावर बोट ठेवले की त्यावरची भाष्ये समोर येतात.

आपल्याकडे असे काम झालेच नाही, असे नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचा संपूर्ण पाली तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत संगणकावर आणला. त्यात शब्द शोधता येतो. पण गावच्या विहारातल्या उपासकाला पाली कुठे येते? त्याला हवा मराठी अनुवाद आणि हवेत बाबासाहेबांचे मराठी शब्द: ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’मधले लेख, अठराव्या खंडाच्या तीन भागांतली भाषणे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले. आता विचारायला हवे, या दर्जाचा निधी सोहळ्यांवर जाणार की ग्रंथांवर? कायद्याची अडचणही फारशी उरलेली नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा स्वामित्वहक्क २०१६ अखेर संपला. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये आला. त्यावरचा हक्क २०१७ अखेर संपला. अनुवादांचे हक्क मात्र वेगळे असतात, ते तपासूनच पुढे जावे.

शोध म्हणजे अभ्यास नव्हे, हे आम्हालाही कळते. मागचा-पुढचा संदर्भ सोडून एक ओळ उचलण्याचा रोग त्यानेही वाढू शकतो. पण आज खोटे वाक्य पसरायला एक सेकंद लागतो आणि ते खोडून काढायला आठवडा. चळवळीच्या कार्यकर्त्याला हे परवडणारे नाही.

शासनाकडे मागणी करूच. तोवर विहारातल्या चार-पाच मुलामुलींनी एकेक जुना अंक वाटून घ्यावा. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फाँटमधला मजकूर दिसतो मराठी, पण शोधात सापडत नाही. दुसऱ्याने मूळ पानाशी ताडून पाहावे आणि खाली अंकाची तारीख व पान क्रमांक लिहावा. “कोणत्या खंडात?” हा ताईंचा प्रश्न पुढच्या वर्षावासात अनुत्तरित राहू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!