सोंग, चकवा आणि बतावणी

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात एक जण तरी ठकाचं पात्र घेतोच. तलवारवाला पुढे, जखमा भरणारा मागे आणि हा पहारेकऱ्याच्या वेषात दाराशी. कागदावर सगळ्यात मजेदार पात्र हेच असतं. खेळताना मात्र बऱ्याचदा ते कंटाळवाणं होतं. माझं मत असं की यात खेळाडूचा दोष नाही, त्याला मिळालेल्या जादूचा आहे.

(खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी छापलेला हा खेळ. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने सूत्रधार व्हायचं. सूत्रधार जग सांगतो, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा.)

तर जादू. २०१४ च्या नियमपुस्तकात ठकदेवतेच्या पुजाऱ्याला सुरुवातीलाच वेषांतराचा मंत्र मिळतो. तासभर टिकतो. जादूने टोपी घातली असेल तर कोणाचा हात त्या टोपीतून आरपार जातो. कोणी निरखून तपासलं तर तो फासा टाकतो; जमलं तर सोंग उघडं पडतं, नाही तर नाही. म्हणजे आगीचा गोळा फेकणं आणि माणसाला फसवणं या दोन्हींचं यंत्र जवळपास एकच: फासा, आकडा, निकाल. फसवण्यातली गंमत कुठेय? समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय, तो कशावर विश्वास ठेवायला उत्सुक आहे, याचं या हिशेबात काहीच काम नाही. पकडलं जाणं म्हणजे सरळ हार. मग खेळाडू काय करतो? जोखीमच घेत नाही. लपतो, चोरतो, सटकतो. ठकाचा चोर होतो.

म्हणून या वेळी मी पात्र घरून आणायचं ठरवलं. माझा ठक सांगवीचा आहे. पुण्यातली जुनी-नवी सांगवी नव्हे हो! बारामती तालुक्यातली, नीरेकाठची, जिथून पलीकडे फलटणचा रस्ता लागतो ती. उसाचा मुलूख. आणि माझा ठक आहे बहुरूपी.

शहरात वाढलेल्या वाचकांनी बहुरूपी पाहिला नसेल कदाचित. गावात एखाद्या सकाळी खाकी कपड्यातला माणूस शिट्टी फुंकत दारात उभा राहतो. वॉरंट आहे म्हणतो, यमक जुळवत असले अशक्य गुन्हे वाचून दाखवतो की घरातली पोरं आधी घाबरतात आणि मग लोळतात. कधी तो शंकर असतो, कधी मारुती. शेवटी बिदागी मागतो. पैसे, धान्य, काय असेल ते. मग पुढचं घर.

आता यातली मेख बघा. त्याचं सोंग शंभर टक्के कधीच नसतं, आणि ते नसणं मुद्दाम असतं. पिस्तूल लाकडाचं असतं. आरोप असे असतात की कुठलाच हवालदार ते तोंडातून काढणार नाही. त्याला पकडलं जायचं असतंच, फक्त योग्य वेळी. आधी क्षणभर धस्स व्हायला हवं, मग हसू फुटायला हवं, आणि मगच हात खिशाकडे जातो. सोंग पूर्ण वठलं आणि कोणाला कळलंच नाही, तर बिदागी कशाची देणार?

हे मी नियमात आणलं. माझ्या ठकाकडे दिवसाला तीन ‘बिदाग्या’. सोंग घेतलं की एक खर्च. सोंग घेतानाच त्यातली एक खोट मोठ्याने जाहीर करायची: सरदार झालोय, पण पायात वहाणा शेतकऱ्याच्या आहेत. ती खोट सूत्रधाराला माहीत, टेबलावर सगळ्यांना माहीत; फक्त समोरच्या पात्राला दिसते की नाही हा प्रश्न. प्रसंग संपायच्या आत ठकाने स्वतःहून सोंग उतरवलं आणि समोरच्याने खुशीने काहीही दिलं, मूठभर ज्वारी का असेना, तर खर्च झालेली बिदागी परत. गुपचूप निसटला तर ती गेली, दुसऱ्या दिवशीही येत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल: लॉक घेतला तर सोडायची जबाबदारी तुमची, नाहीतर हळूहळू अख्खी सिस्टीम ठप्प.

दुसरी जादू चकव्याची. रात्री शेतातून जाताना चकवा लागतो, म्हणजे माणूस तासन्‌तास चालतो आणि पुन्हा त्याच बांधावर येतो, हे आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलंय. डोक्यावरून जाणाऱ्या उसात, सगळ्या सऱ्या सारख्याच दिसत असताना, यासाठी भुताची गरजही नाही. पण मला आवडतो तो त्यावरचा उतारा: चालायचं थांबायचं. खाली बसायचं आणि उजाडायची वाट बघायची. म्हणून माझा चकवा फक्त चालणाऱ्यावर चालतो. धावून येणारे दहा सैनिक उसात फिरत राहतील. स्टुलावर तंबाखू मळत बसलेल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर शून्य परिणाम. जादूला हरवायची युक्ती गावातल्या कोणालाही ठाऊक असावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर ठक आणि दादा यांत फरक काय?

तिसरी बतावणी. ही तमाशातून उचलली. वगातला सोंगाड्या राजाचा हुकूम शब्दशः घेतो आणि त्याचा पार बोऱ्या वाजवतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार हेच करत होता. नियम एकच: बतावणी फक्त वरच्यावर चालते. राजावर, कोतवालावर, सावकारावर. स्वतःपेक्षा दुबळ्यावर वापरली तर फासा टाकायचाच नाही, जादू लागतच नाही.

आमच्या टोळक्यातल्या एकाने यावर आक्षेप घेतला, आणि तो खेळाबद्दलचा नव्हता. त्याचं म्हणणं, बहुरूपी हे लोकांचं पोट आहे, भटक्या समाजाचं जिणं आहे. आपण एसीत बसून त्याचं ‘कॅरेक्टर’ करणार? आणि मग त्याने राईनपाड्याचं नाव काढलं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होत्या. जमावाने पाचही जणांना ठेचून मारलं. त्यांनी तर सोंगही घेतलं नव्हतं. ती जशी होती तशीच आली होती. बघणाऱ्यांनीच त्यांच्यावर एक सोंग चढवलं.

आक्षेप मला निम्मा मान्य आहे. बहुरूप्याची नुसती वेशभूषा उचलायची आणि त्याची जोखीम गावातच सोडायची, हे चोरीसारखंच. पण मग उपाय पात्र टाकून देणं हा नाही. एल्फ आणि बुटके खेळायला आपल्याला कधी लाज वाटली नाही, आणि आपल्या मातीतलं माणूस आलं की मात्र टेबलावर जागा नाही, हे मला पटत नाही. जोखीमही नियमात आणा, इतकंच. म्हणून चौथा नियम झाला. नव्या गावात शिरल्यावर ठकाने आधी चावडीवर जायचं, बिनसोंगाचं, आणि खरं नाव, खरं गाव सांगायचं. ते केल्याशिवाय त्या गावात त्याची एकही जादू चालणार नाही. आणि गावात अफवा पसरलेली असेल तर चावडीवर सांगूनही सूत्रधार गुपचूप एक फासा टाकतो, ज्याचा आकडा आम्हाला दिसत नाही. त्या फाशाने टेबलावरची हवा बदलते. हसणं थांबत नाही, पण माणसं एकमेकांकडे बघून बोलायला लागतात.

याचा एक अनपेक्षित फायदा म्हणजे खलनायक आयता मिळाला. त्याच्याकडे हाच सगळा माल आहे: नजरबंदी, हातचलाखी, सोंग. फक्त त्याच्या सोंगाला खोट नाही आणि ते तो कधी उतरवत नाही. बुवा! अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच तो कसा केला हेही सांगतात, ते आमच्या बहुरूप्याच्या पंथातले. ज्यांनी ही चळवळ उभी केली त्या डॉ. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या, आणि वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी आला. करून दाखवणारा आणि सांगून टाकणारा माणूस कोणाला तरी फार खुपतो. खेळातही आमचा बुवा सरदाराला सोडून बहुरूप्याच्याच मागे लागलाय.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. सूत्रधाराचं म्हणणं, घाबरून दिलेला पैसाही बिदागी धरावी, कारण ‘खुशीने’ ठरवायचं कोणी? मी म्हणतो, आधी देणारा हसला पाहिजे, आणि हसला की नाही हे त्या पात्राच्या वतीने सूत्रधारानेच सांगावं, फासा न टाकता. त्याला हे फार मोघम वाटतं. शनिवारी परत भांडणार आहोत.