इमारत ‘हरित’ असेल, पण कोणासाठी?

माळेगाव बुद्रुकमध्ये शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९० पासून आहे. तेव्हापासून अभियांत्रिकी शिक्षण पार बदलले. आज ओढा संगणक शाखांकडे आहे, उद्या कुठे असेल सांगता येत नाही. म्हणून ग्रामीण भागात अशा महाविद्यालयासाठी नवी इमारत बांधताना भार खांब-तुळयांवर ठेवावा आणि मधल्या भिंती हलवता येतील अशा कराव्यात. पाडून पुन्हा बांधणे म्हणजे पुन्हा सिमेंट, पुन्हा लोखंड, पुन्हा प्रदूषण. बारामतीचा बराच भाग कमी पावसाचा. तिथे पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा आणि छतावरच्या पाण्याची साठवण हवीच.

पण सौर पॅनेल बसवले की काम संपत नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ योजनेतून पैसे मिळतात. अभ्यासाला शांत जागा मिळेलच असे नाही. ग्रंथालय तळमजल्यावर असावे, त्याला स्वतंत्र दार असावे. मग बाकी इमारत बंद ठेवूनही ते रात्री उघडे राहील आणि त्याचे दिवे दिवसा साठवलेल्या सौरविजेवर चालतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार रॅम्प तर बंधनकारकच.

औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या बांधकामात बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातले होते. वास्तू कोणाला आत घेते, हा सामाजिक न्यायाचाच प्रश्न आहे. आपल्या विद्यार्थी प्रतिनिधींनी तो नकाशा मंजूर होण्याआधीच विचारला पाहिजे.