भिंत उभी राहण्याआधी

दुसरबीडहून सिंदखेडराजाला आपलं जाणं-येणं चालूच असतं. तालुक्याचं गाव, कामं तिथंच. लखुजीराव जाधवांचा वाडा येता-जाता दिसतो, जिजाऊंच्या जन्मस्थळी माथाही टेकला जातो. पुतळा बारवेकडे मात्र फार थोडे वळतात. एकदा वेळ काढून वळा. पायऱ्या उतरत गेलं की भिंतींवरच्या कोरीव मूर्ती समोर येतात. पाणी भरायला येणाऱ्या बायाबापड्यांच्या नजरेत येईल असं हे शिल्प आहे, आणि ते पाणवठ्यावर आहे, याचंच मला फार अप्रूप वाटतं.

अशा बांधकामात मूर्तीसाठी कोनाडा ठेवायचा, तर दगडाचा थर चढतानाच जागा सोडावी लागते. म्हणजे मूर्ती घडवणारा आणि भिंत रचणारा यांचं आधी बोलणं झालेलं असणार. आज हे बोलणंच होत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

आमच्या भागातल्या एका शाळेची भिंत पाहा. ‘बोलक्या भिंती’ म्हणून पेंटरनं तिच्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढला, जिल्हे वेगवेगळ्या रंगांत, हात अगदी सफाईदार. पण गच्चीवरचं पाणी उतरवणारा पाइप नेमका विदर्भातून खाली आलाय. खाली ओल धरली, गिलाव्याचे पोपडे सुटले, दोन पावसाळ्यांत कोकण गळून पडलं. पेंटरचा यात काय दोष? त्याला बोलावलं तेव्हा भिंत, पाइप, गिलावा, सगळं होऊन गेलं होतं. ठेकेदाराचं बिलही निघालं होतं.

मुंबईत फोर्टमध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत आहे, 1936 सालची. वास्तुरचना मास्टर, साठे आणि भुता यांची, शिल्पं ना. ग. पानसरे यांची. दाराच्या दोन्ही अंगांना उंचच उंच मानवाकृती आहेत, उठावशिल्पांत शेतकरी आहे, कुंभार आहे, सूत कातणारी बाई आहे. विमा कंपनीच्या दारात आपल्या शेतातली माणसं अशी ताठ उभी पाहून ऊर भरून येतो. त्या आकृती इमारतीच्या उभ्या रेषांबरोबरच वर चढतात. त्या काढल्या तर दर्शनी भागाची उंचीच हरवेल. नंतर चिकटवलेल्या शिल्पाला हे साधत नाही.

पणजीच्या कला अकादमीत चार्ल्स कोरियांनी नाट्यगृहाच्या भिंती मारिओ मिरांडांच्या हाती दिल्या. मारिओंनी तिथं जुन्या गोव्यातल्या नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षकच रंगवले. खेळ सुरू होण्याआधीच सभागृह भरलेलं! फ्रान्समध्ये तर 1951 पासून नियमच आहे: सरकारी शाळा बांधताना खर्चाचा एक टक्का कलेसाठी. पुढं तो इतर सरकारी इमारतींनाही लागू झाला.

एक टक्का म्हणजे 20 लाखांच्या वर्गखोल्यांमागं 20 हजार रुपये. यात संगमरवर येणार नाही, पण पाथरवटाकडून एक कोरीव शिळा नक्की येईल, आणि ती पावसात पुसली जाणार नाही. पैशाचं मग बघू. आधी अंदाजपत्रक करताना अभियंत्याशेजारी कलाकाराला बसवा. शाळेचा कलाशिक्षक चालेल, गावातला पेंटर चालेल, छिन्नी हातात धरणारा वडार तर हवाच. पाइप मागच्या बाजूनं न्या, हे तो सांगेल. पश्चिमेच्या भिंतीवर रंग विटतो, तिथं रंगाऐवजी कोरीव काम करा, हेही सांगेल. पहिलीतल्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर एक बैलजोडी कोरायला जागा सोडा, असंही एखादा म्हणेल.

दुसरबीडच्या ग्रामसभेत पुढच्या बांधकामाचा विषय निघेल, तेव्हा नकाशा मंजूर होण्याआधी हा मुद्दा मी मांडणार आहे. ज्यांना पटतं त्यांनी त्या दिवशी हजर राहावं.